परदेशातून बातमीदारी : मुंबईहून निघण्याआधी आणि पोहोचल्यावर

संपादक एके दिवशी केबिनमध्ये बोलावून ‘उद्यापासून तू वॉशिंग्टन बघ’ म्हणतील, या आशेवर बसलेल्यांनी हा लेख वाचला नाही तरी चालेल. परदेशात पूर्णवेळ माणूस ठेवणं मोठ्या इंग्रजी दैनिकांनाही जड जातं, मराठी दैनिकांची तर गोष्टच सोडा. पंतप्रधानांच्या विमानातून खासगी माध्यमांच्या पत्रकारांचा ताफा परदेशी जायचा, ती प्रथाही २०१४ नंतर संपली. तरीही मुंबईतून बाहेर जाऊन काम करणारे आहेत. कुणी फेलोशिपवर जातं, कुणी एखाद्या विषयाचा पाठपुरावा करत महिनाभर जातं, कुणाच्या नवऱ्याची किंवा बायकोची बदली दुबईला होते आणि तिथून लिखाण सुरू होतं. हा लेख अशांसाठी आहे. कुणी पाठवण्याची वाट न पाहता स्वतःच जाणं उभं करायचं असेल तर कशानंतर काय करायचं, ते पुढे लिहिलं आहे.

आधी बातमी, मग देश

बहुतेक जण उलट्या टोकाकडून सुरुवात करतात. लंडनला जायचं असतं, मग तिथे काय करू याचा शोध सुरू होतो. लंडनमध्ये काय घडलं हे रॉयटर्स, एएफपी, एपी आणि पीटीआय या वृत्तसंस्था (एजन्सी) तुमच्या डेस्कवर तुम्ही जागे होण्याआधी पोहोचवतात. त्यांच्याशी शर्यत लावून हाती काही लागत नाही. तुम्ही तिथे असण्याचं कारण एकच असू शकतं : मराठी वाचकाच्या मनात असलेला आणि एजन्सीला कधीच न पडणारा प्रश्न.

उदाहरण घ्या आंब्याचं. अमेरिकेने भारतीय आंब्याला २००७ मध्ये दार उघडलं. अट अशी की आंब्यावर इथेच विकिरण प्रक्रिया व्हावी आणि तीही अमेरिकेच्या कृषी खात्याच्या निरीक्षकाच्या देखरेखीखाली. करोनामुळे निरीक्षक येऊ शकले नाहीत आणि २०२० व २०२१ च्या हंगामांत ही निर्यात बंद राहिली. मे २०२५ मध्ये नवी मुंबईच्या केंद्रातून गेलेल्या पंधराएक खेपा लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि अटलांटाच्या विमानतळांवर कागदपत्रांतल्या त्रुटीपायी अडकल्या आणि माल नष्ट करावा लागला. मुंबईच्या पत्रांत ही बातमी वाशीच्या बाजूने आली. लॉस एंजेलिसच्या विमानतळावर पेटी नेमकी कोण उघडतं, कोणता कागद बघतं, ‘परत न्या किंवा नष्ट करा’ हा निर्णय कोणाचा असतो, नुकसान आयातदार सोसतो की निर्यातदार, हे तिथे उभं राहून विचारणारा मराठी माणूस असता तर रत्नागिरीपासून वाशीपर्यंत लोकांनी ती बातमी कापून ठेवली असती.

नाशिकच्या द्राक्षांचंही तसंच. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या रसायनाचे अंश सापडले म्हणून युरोपने माल नाकारला आणि शेकडो बागायतदार अडचणीत आले. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या गोदामात द्राक्षाचा नमुना कसा काढतात, सुपरमार्केटची स्वतःची मर्यादा सरकारी मर्यादेपेक्षा कडक का असते, हे समजून घ्यायला तिथे दोन आठवडे पुरतात. खलाशांचे प्रश्न घ्या. नौवहन महासंचालनालय मुंबईत, खलाशांची मोठी संघटना मुंबईत आणि पगार न देता मालकाने वाऱ्यावर सोडलेली जहाजं आखातातल्या बंदरांबाहेर नांगर टाकून उभी. इस्रायलमध्ये दिमोना, अश्दोद, लोद इथे कोकणातून गेलेल्या बेने इस्रायली (ज्यू) कुटुंबांच्या घरात आजी अजून मराठी बोलते. मुंबईच्या हिरेबाजाराचा, म्हणजे भारत डायमंड बोर्सचा, बेल्जियममधल्या अँटवर्पशी रोजचा संबंध आहे. हे सगळे विषय वांद्रे-कुर्ला संकुल (बीकेसी), वाशी आणि भाऊच्या धक्क्यापासून सुरू होतात आणि परदेशात जाऊन संपतात. अर्धं काम इथेच करून निघा. इथल्या निर्यातदाराने दिलेलं तिथल्या आयातदाराचं नाव दहा दूतावासांच्या पत्रांपेक्षा जास्त उपयोगी पडतं.

विषय पक्का झाल्याची माझी कसोटी सोपी आहे. एका परिच्छेदात बातमी लिहून दाखवता आली पाहिजे आणि त्यात ‘इथे बसून हे का कळत नाही’ याचं उत्तर असलं पाहिजे. ते नसेल तर फोन आणि ईमेलवर काम भागतं, विमानाचे पैसे वाचवा.

पैसे कोण देणार

एका मराठी लेखाच्या मानधनात विमानतळापर्यंतची टॅक्सी निघेल, तिकीट नाही. म्हणून एका दौऱ्यातून चार गोष्टी विकायच्या : मराठी दैनिकाच्या रविवार पुरवणीला दीर्घ लेख, इंग्रजी संकेतस्थळाला वेगळ्या कोनातून वृत्तांत, एखाद्या पॉडकास्टला ध्वनी, दिवाळी अंकाला निवांत मजकूर. प्रत्येकाशी आधी बोलून घ्या की कोणता भाग फक्त त्यांचा आणि किती दिवसांसाठी. ते बोलणं ईमेलवर हवं. मानधन, खर्च, मजकूर मागवून छापला नाही तरी किती मिळणार, छायाचित्रांचे पैसे वेगळे की नाही आणि हक्क कोणाकडे, या पाच गोष्टी त्यात आल्या पाहिजेत. मराठीत पैशाचं बोलायला आपण लाजतो आणि मग वर्षभर लेखा विभागाला फोन करत बसतो.

फेलोशिपचा मार्ग जास्त भरवशाचा आहे. दक्षिण आशियाई पत्रकारांसाठी लंडनच्या वेस्टमिन्स्टर विद्यापीठात ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग योजनेचा अभ्यासक्रम चालतो. ऑक्सफर्डची रॉयटर्स इन्स्टिट्यूट आहे. अमेरिकी न्यूजरूममध्ये प्रत्यक्ष काम करायला लावणारी आल्फ्रेड फ्रेंडली फेलोशिप आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या काळात न्यूयॉर्कला राहून वार्तांकन करायला डाग हॅमरशोल्ड निधी विकसनशील देशांतल्या तरुण पत्रकारांना नेतो. अर्जात ‘माझी आवड’ लिहू नका, छापून आलेलं काम आणि पुढच्या बातमीचा आराखडा लिहा. मराठी कामाचं इंग्रजी भाषांतर जोडताना ते स्वतः नीट करा. यंत्राने केलेलं निवड समितीला पहिल्या ओळीत कळतं.

कुणी सांगत नाही असा तिसरा मार्ग मुंबईतच आहे. निवडणूक, पूर, धारावीचा पुनर्विकास, शेअर बाजार, काहीही असो, परदेशी वार्ताहर मुंबईत येतात आणि त्यांना मराठी बोलणारा, मंत्रालयात कोण कुठे बसतं हे जाणणारा स्थानिक सहकारी लागतो. हे काम करा. दुसऱ्या देशात तुम्ही ज्याच्यावर अवलंबून राहणार त्याच्या जागी आधी स्वतः उभं राहिलात की बरंच काही आपोआप कळतं. त्यांची तथ्यतपासणी कशी चालते, धोक्याचा फॉर्म कसा भरतात, एका वाक्यासाठी तीन फोन का करतात, हे सगळं समोर दिसतं. शिवाय त्यांच्या संपादकाच्या पत्त्याच्या वहीत तुमचं नाव जातं. कोणत्याही अभ्यासक्रमापेक्षा ही शाळा मला मोठी वाटते.

व्हिसा : इथे शॉर्टकट नाही

‘टुरिस्ट व्हिसावर जा, कोण बघतंय’ हा सल्ला प्रेस क्लबमध्ये हमखास मिळतो. देणारा चांगल्या मनाचा असतो, पण परदेशात पकडले जाल तेव्हा तो आझाद मैदानातच असेल. बऱ्याच देशांत पर्यटक म्हणून शिरून वार्तांकन करणं हा व्हिसाच्या अटींचा भंग आहे. शिक्षा हद्दपारीची असू शकते, आणि त्यानंतर प्रत्येक देशाच्या फॉर्ममध्ये ‘पूर्वी प्रवेश नाकारला गेला होता का’ या प्रश्नापुढे ‘होय’ लिहावं लागतं.

पासपोर्टपासून सुरुवात करा. मुदत किमान वर्षभराची आणि कोरी पानं भरपूर हवीत. मुंबईचं प्रादेशिक पासपोर्ट कार्यालय आता बीकेसीत विदेश भवनात आहे.

अमेरिकेसाठी माध्यमांचा वेगळा ‘आय’ व्हिसा असतो. बी-१/बी-२ वर, म्हणजे व्यवसाय-पर्यटनाच्या व्हिसावर, जाऊन बातमीदारी चालत नाही, हे त्यांचं परराष्ट्र खातं स्पष्टच सांगतं. डीएस-१६० फॉर्म भरायचा, फी भरायची, मुलाखत बीकेसीतल्या वकिलातीत. मुक्त पत्रकारालाही हा व्हिसा मिळू शकतो, पण एखाद्या माध्यमसंस्थेशी लेखी करार दाखवावा लागतो. आणि काम बातमीचं हवं. जाहिरात, मनोरंजनाचा कार्यक्रम, प्रायोजित व्हिडिओ यांना तो लागू होत नाही.

ब्रिटन त्या मानाने सोपा. परदेशी प्रकाशनासाठी माहिती गोळा करायला आलेल्या पत्रकाराला तिथे साधा भेटीचा व्हिसा चालतो, मात्र ब्रिटिश संस्थेची नोकरी त्यावर करता येत नाही. शेंगेन देशांत (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) १८० दिवसांत ९० दिवसांचं गणित पाळा. त्यापेक्षा जास्त राहायचं तर त्या-त्या देशाचा राष्ट्रीय व्हिसा. चीनचे दोन प्रकार आहेत : १८० दिवसांपेक्षा जास्त राहणाऱ्या वार्ताहरांसाठी जे-१ आणि थोड्या दिवसांसाठी जे-२. तिथे कागदांपेक्षा राजकारण मोठं ठरतं. २०२३ मध्ये भारत आणि चीनने एकमेकांच्या पत्रकारांचे व्हिसा रोखून धरले, तेव्हा उत्तम कागद असलेल्यांनाही परतावं लागलं. रशियात परराष्ट्र मंत्रालयाचं अ‍ॅक्रेडिटेशन, म्हणजे पत्रकार म्हणून अधिकृत मान्यता, हवी. इस्रायलमध्ये सरकारी प्रेस कार्यालयाचं कार्ड नसेल तर बऱ्याच जागी आत सोडत नाहीत.

पाकिस्तानचं प्रकरण निराळं. तिथे भारतीयांना व्हिसा देशाचा मिळत नाही, शहराचा मिळतो. इस्लामाबादचा व्हिसा घेऊन लाहोरला जाता येत नाही. मे २०१४ मध्ये ‘द हिंदू’ आणि पीटीआय या दोन्ही संस्थांच्या इस्लामाबादमधल्या प्रतिनिधींना देश सोडायला सांगण्यात आलं. त्यांपैकी मीना मेनन वर्षानुवर्षं मुंबईत बातमीदारी करून तिकडे गेल्या होत्या. अशा ठिकाणी सामान नेहमी आवरलेलं असावं.

आता अर्जाबरोबरचं पत्र. इथेच बरेच अर्ज अडतात, म्हणून थोडं थांबतो. संस्थेच्या लेटरहेडवर संपादकाच्या सहीने पत्र हवं. त्यात तुमचं पासपोर्टवर आहे तसंच नाव, तुम्ही नोकरीत की करारावर, विषय, शहरं, तारखा, खर्च कोण करणार आणि मानधन भारतातून मिळणार हे वाक्य असावं. विषय खरा लिहा, पण मोजक्या शब्दांत. ‘द्राक्ष आयातीची तपासणी यंत्रणा’ पुरेसं आहे, ‘आयातदारांच्या साखळीतले गैरव्यवहार’ लिहायची गरज नाही. सोबत बायलाइन (छापलेलं तुमचं नाव) असलेली अलीकडची कात्रणं आणि त्यांचं इंग्रजी भाषांतर. राज्य सरकारची अधिस्वीकृती पत्रिका असेल तर तिची प्रत लावा. परदेशात तिला अधिकार नाही, पण सरकारने तुम्हाला पत्रकार मानलंय एवढं ती सांगते. आंतरराष्ट्रीय पत्रकार महासंघाचं प्रेस कार्डही असंच कामाला येतं.

व्हिसा मिळाला म्हणजे प्रवेशिका मिळाली असं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या न्यूयॉर्क मुख्यालयात वेगळा अर्ज लागतो, हवामान परिषदेला वेगळा. ऑलिंपिकचे पास तर भारतीय ऑलिंपिक संघटनेच्या वाट्यातून, स्पर्धेच्या बरंच आधी वाटले जातात. स्पर्धेला तीन महिने उरले असताना विचारायला गेलात तर हसतील.

पैशाचे नियम, चटकन

स्वतःच्या खर्चाने जात असाल तर परदेशी पैसे नेण्या-पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेत वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. आपल्यापैकी कुणाला ती नडणार नाही. नडतं ते नोटांचं : बहुतेक देशांसाठी एका प्रवासात रोख परकीय चलन ३,००० डॉलरपर्यंतच नेता येतं, बाकीचं फॉरेक्स कार्डवर. जिथे कार्ड चालत नाही किंवा बँका बंद पडू शकतात तिथे छोट्या, नव्या, न चुरगळलेल्या डॉलरच्या नोटा ठेवा. जुन्या किंवा शाईचा डाग असलेल्या नोटा कित्येक देशांत कोणी हातात घेत नाही.

आर्थिक वर्षात १८२ दिवस किंवा जास्त भारतात राहिलात तर तुम्ही इथले करनिवासी आणि जगभरच्या उत्पन्नावर इथे कर भरायचा. परदेशी प्रकाशनाकडून आलेलं मानधन ही सेवांची निर्यात ठरते. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की जीएसटी नोंदणी करावी लागते. अमेरिकी संस्था पैसे देण्याआधी डब्ल्यू-८बेन फॉर्म मागेल, घाबरू नका. तुम्ही अमेरिकी करदाते नाही एवढंच तो सांगतो. बाकी सीएला विचारा, दादरच्या नाक्यावरच्या मित्राला नको.

सामान

कॅमेरा, लेन्स, ड्रोन, लॅपटॉप घेऊन जाताना एक धोका परतीच्या वेळी असतो. मुंबईला उतरल्यावर कस्टम्स विचारू शकतं की हे तिकडे घेतलं का. म्हणून निघताना कस्टम्सकडून एक्सपोर्ट सर्टिफिकेट घ्यावं. त्यात वस्तू आणि तिचा सीरियल नंबर नोंदलेला असतो. बॅगा चेक-इनला देण्याआधी हे करा, कारण अधिकाऱ्याला वस्तू दाखवावी लागते. चित्रीकरणाचं मोठं सामान असेल तर एटीए कार्ने हा सीमाशुल्काचा परवाना काढा. भारतात तो फिक्की ही उद्योगसंघटना देते, वर्षभर चालतो आणि त्यात सहभागी असलेल्या देशांत सामान तात्पुरतं नेताना शुल्क भरावं लागत नाही. खरेदीच्या पावत्यांच्या प्रती फोनमध्ये आणि ईमेलमध्ये, दोन्हीकडे.

लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच. १०० वॅट-तासांपर्यंत अडचण येत नाही, १०० ते १६० च्या दरम्यान विमान कंपनीची परवानगी आणि दोनच्या वर नाही. ड्रोन शक्यतो नेऊ नका. मोरोक्को, इजिप्तसारख्या देशांत तो विमानतळावरच ठेवून घेतात आणि वर चौकशी होते.

सॅटेलाइट फोन हा खरा फास आहे. युद्धक्षेत्रात तो जीव वाचवतो, पण परवानगीशिवाय भारतात आणणं गुन्हा आहे. थुराया किंवा इरिडियमचा फोन, एवढंच कशाला, गिर्यारोहकांचं उपग्रह संदेशयंत्र बॅगेत सापडलं म्हणूनही भारतीय विमानतळांवर परदेशी प्रवाशांना अटक झाली आहे. तिकडे भाड्याने घ्या आणि तिकडेच परत करा.

आफ्रिकेतल्या किंवा दक्षिण अमेरिकेतल्या ज्या देशांत पीतज्वर आहे तिथे जायचं तर लस इथेच घ्या. मुंबईत विमानतळ आरोग्य संघटना आणि बंदर आरोग्य संघटना यांच्या केंद्रांत ती मिळते, दिवस आधी ठरवून जावं लागतं. दाखला लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतो आणि आता आयुष्यभर चालतो. तो नसेल तर परत येताना भारतातच तुम्हाला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.

पोहोचल्यावरचा पहिला आठवडा

पहिल्या दिवशी स्थानिक सिम आणि भारतीय दूतावासात नोंदणी. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमधल्या महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांची नावं शोधताना ज्यांची नोंदणी होती त्यांच्यापर्यंत पोहोचणं सोपं गेलं, हे लक्षात ठेवा. दूतावासाच्या प्रेस अधिकाऱ्याला भेटा, चहा प्या, पण बातमीसाठी त्याच्यावर विसंबू नका. त्याचं काम वेगळं आहे.

मग तिथल्या परदेशी पत्रकारांच्या सोयी शोधा. अमेरिकेत परराष्ट्र खात्याची फॉरेन प्रेस सेंटर्स वॉशिंग्टन आणि न्यूयॉर्कला आहेत, तिथे नोंदणी केली की ब्रीफिंग आणि दौरे मिळतात. टोकियोत १९४५ पासून चालत आलेला परदेशी वार्ताहरांचा क्लब आहे. लंडनची फॉरेन प्रेस असोसिएशन तर १८८८ ची. अशा ठिकाणी दुसऱ्या छोट्या देशांतून आलेले, आपल्यासारखेच पैशाच्या तंगीतले पत्रकार भेटतात आणि दोघांत टॅक्सी वाटून घेता येते.

यानंतर सगळ्यात महत्त्वाचा माणूस : फिक्सर, म्हणजे पैसे घेऊन मदत करणारा स्थानिक सहकारी. भाषा, गाडी, मुलाखतीची वेळ, कोणत्या गल्लीत कॅमेरा काढायचा नाही, हे सगळं त्याच्यामुळे कळतं. दर आधी ठरवा. दिवसाचा दर, जास्तीचे तास, पेट्रोल, जेवण, सगळं लिहून. पैसे दर आठवड्याला द्या, शेवटी एकदम नाही. दुभाष्या म्हणून काम घेताना समोरच्याचं उत्तर लांब आणि भाषांतर एका वाक्याचं आलं तर तिथेच थांबवा आणि ‘त्याने शब्दशः काय सांगितलं’ विचारा. मुलाखत ध्वनिमुद्रित करा आणि महत्त्वाचा भाग दुसऱ्या कुणाकडून ऐकवून घ्या. आणि विसरू नका की तुम्ही मुंबईत सहार विमानतळावर उतराल तेव्हा तो त्याच गावात असेल. त्याचं नाव बातमीत हवं की नको, हे त्याला विचारून ठरवायचं, आपल्या उदारपणाने नाही.

आखातात विशेष सांभाळा. अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपचे कॉल लागत नाहीत, परवानगीशिवाय माणसांचे किंवा सरकारी इमारतींचे फोटो काढणं गुन्हा ठरू शकतं, आणि बदनामीचा गुन्हा फौजदारी आहे. कामगारांच्या छावणीत शिरून मुलाखत घेतलीत तर त्रास कामगाराला होतो, त्याचा व्हिसा मालकाच्या हातात असतो. त्याला सुट्टीच्या दिवशी बाहेर भेटा. त्याहून बरं म्हणजे गावी रजेवर आला असताना खेडला किंवा दापोलीला गाठा.

घड्याळ आणि डेस्क

मुंबईतलं दैनिक रात्री पानं लावतं, बाहेरगावच्या आवृत्त्या त्याहून आधी सुटतात. न्यूयॉर्क उन्हाळ्यात मुंबईच्या साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. संयुक्त राष्ट्रांची दुपारी बाराची ब्रीफिंग म्हणजे मुंबईत रात्रीचे साडेनऊ किंवा साडेदहा. ती संपून तुम्ही लिहीपर्यंत बाहेरगावची आवृत्ती गेलेली असते. म्हणून अमेरिकेतून दिवसाच्या घडामोडी पाठवण्याच्या फंदात पडू नका. पूर्वतयारीची कॉपी आदल्या दिवशी द्या आणि रात्री फक्त वरच्या दोन ओळी बदला. टोकियो साडेतीन तास पुढे, तिथे तुमचा दिवस संपतो तेव्हा मुंबईत दुपारची बैठक चालू असते. हे वरदान आहे. घड्याळ बदलण्याची तारीखही सगळीकडे एक नाही : अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी, युरोपात शेवटच्या रविवारी.

डेस्कवर एकच माणूस ठरवा, जो तुमची कॉपी उचलेल. रात्री कोण पाळीत आहे हे कळलं नाही तर ईमेल तीन जणांच्या पेटीत पडून राहतो आणि प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने पाहिला असेल. मजकूर युनिकोडमध्येच पाठवा. चीनमध्ये व्हॉट्सअ‍ॅप आणि गुगल चालत नाहीत, तिथून कॉपी कशी येणार याची तालीम मुंबईत असतानाच करा.

लिहिताना नावांची काळजी घ्या. माणसाला स्वतःचं नाव फोनमध्ये बोलायला लावा आणि मग देवनागरीत लिहा. स्पेलिंगवरून लिहिलं की फ्रेंच, पोर्तुगीज, व्हिएतनामी नावांचं वाटोळं होतं. आकडे वाचकाच्या मापात सांगा : एकर, क्विंटल, रुपये. युरोमधला भाव दिला तर शेजारी रुपयांतला द्या आणि विनिमयाची तारीख स्वतःच्या वहीत ठेवा. आणि एजन्सीने दिलेली पार्श्वभूमी दोन ओळींत उरका. वाचकाने ती कालच वाचली आहे.

जिथे जिवाचा प्रश्न आहे

१६ जुलै २०२१ रोजी रॉयटर्सचे छायाचित्रकार दानिश सिद्दीकी कंदाहार प्रांतात स्पिन बोल्डकजवळ अफगाण विशेष दलांबरोबर असताना मारले गेले. त्यांच्यामागे जगातली मोठी संस्था होती, अनुभव होता. पत्रकारांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या सीपीजे या संघटनेच्या नोंदीनुसार २०२४ मध्ये किमान १२४ पत्रकार आणि माध्यम कर्मचारी मारले गेले, त्यांपैकी बहुसंख्य गाझात. संस्थेच्या पाठबळाशिवाय, पहिल्याच दौऱ्यात युद्धावर जाणं मला मान्य नाही. नाव कमवायचा तो रस्ता आहे असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका.

तरीही जायचं असेल तर आधी धोक्याच्या प्रदेशात काम करण्याचं आणि प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घ्या, ज्याला या धंद्यात हेफॅट म्हणतात. रक्तस्राव थांबवायला टूर्निके कुठे आणि किती घट्ट बांधायची, हे व्हिडिओ पाहून येत नाही, हाताने करून येतं. मुक्त पत्रकारांना प्रशिक्षण आणि संकटात मदत मिळवून देणारी रोरी पेक ट्रस्ट आहे, आणि रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स बुलेटप्रूफ जॅकेट, हेल्मेट उसनी देते. प्रवास विम्याचं बारीक अक्षर वाचा. साध्या पॉलिसीत युद्ध, दंगल, दहशतवाद वगळलेले असतात, आणि त्याच गोष्टींसाठी तर तुम्ही चाललेला असता. युद्धाचा स्पष्ट उल्लेख असलेला आणि रुग्णाला विमानाने हलवण्याचा खर्च देणारा विमाच घ्या.

मुंबईतल्या एका माणसाकडे, घरच्या नव्हे तर डेस्कवरच्या, रोजचा मार्ग आणि ठरलेल्या वेळी फोन. फोन आला नाही तर किती तासांनी कोणाला कळवायचं हे कागदावर. घरच्यांना फक्त तो माणूस कोण एवढं माहीत असावं. आईला दर दोन तासांनी लोकेशन पाठवत बसलात तर तिलाही झोप नाही आणि तुम्हालाही.

फोनचं : सीमेवर अधिकारी तो उघडायला लावू शकतात. अमेरिकेतही. सोर्सचे संदेश, फोटो, संपर्क त्या फोनमध्ये नसलेलेच बरे. स्वतंत्र फोन न्या, बोलणं सिग्नल या अ‍ॅपवर आणि मेसेज आपोआप नाहीसे होण्याची सोय चालू. ध्वनिमुद्रणं एन्क्रिप्ट करून मुंबईला पाठवा आणि सीमा ओलांडण्याआधी उपकरणावरून पुसा. बोट लावून उघडणारं कुलूप बंद ठेवा, सहापेक्षा जास्त अंकांचा पासकोड ठेवा.

परत आल्यावर पहिल्या आठवड्यात तीन कामं उरका. खर्चाच्या पावत्या लेखा विभागाला, नाही तर त्या थर्मल कागदावरची शाई उडून जाते. छापून आलेल्या बातमीची प्रत तिथल्या प्रत्येक मुलाखत दिलेल्या माणसाला, मराठी त्याला वाचता येत नसलं तरी. आणि फिक्सरला फोन : कुणी चौकशीला आलं होतं का, विचारा. आलं असेल तर उरलेले लेख थांबवा आणि त्याच्याशी बोलून मगच पुढचा छापायला द्या.